गाडीचा रंग वाळायला महिना लागायचा, या इंजिनिअरने ते काम काही तासांवर आणलं

जुनी गाडी पुन्हा उभी करायला काढली की पत्र्याचं काम उरकल्यावर पेंटरचा पहिला प्रश्न असतो, ड्युको मारायचा की पीयू? सुतारापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला हा ड्युको म्हणजे मुळात ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव. आणि तो गाडीवर आणण्यामागे सगळ्यात जास्त धडपड केली होती चार्ल्स केटरिंग या माणसाने.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. घरची शेती. डोळ्यांचा त्रास इतका, की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग टेलिफोनच्या तारा टाकायचं काम केलं, पुन्हा कॉलेज गाठलं आणि १९०४ साली वयाच्या सत्ताविशीत इंजिनिअरची पदवी घेतली.

पहिली नोकरी गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्यांनी विजेवर चालणारा गल्ला बनवला. छोटी मोटर क्षणभरच चालते, पण त्या क्षणात मोठा जोर लावते, हे गणित त्यांना तिथे सापडलं. पुढे तेच गाडीत कामी आलं. तेव्हा गाडी हँडल मारून सुरू करायला लागायची आणि हँडल उलटं फिरलं की हात मोडायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडलची गरज संपत गेली.

१९२० मध्ये ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. आता समोर होता रंगाचा प्रश्न.

गाड्या तेव्हा घोडागाडीसारख्याच रंगवायचे. ब्रशने तेलाच्या व्हार्निशचे थर द्यायचे आणि वाट बघायची. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे हवामानाप्रमाणे दोन ते चार आठवडे जायचे. तयार बॉडी नुसत्या वाळत पडून राहायच्या. फोर्डने यातून वेगळी वाट काढली होती. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच मिळायची.

केटरिंग यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्यांना लॅकर लावलेला छोटा ट्रे दिसला. हा रंग चटकन वाळतो, मग गाडीवर का नको, असं म्हणत ते शोध घेत घेत ड्यूपाँटपर्यंत पोहोचले.

अडचण अशी होती की नायट्रोसेल्युलोजचं ते लॅकर फार दाट होतं. फवारण्याइतकं पातळ करायला गेलं की रंग कमी आणि थिनर जास्त. १९२० साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत त्याचं पातळ रूप हाती लागलं. त्यात रंगद्रव्य भरपूर मावायचं आणि ते स्प्रे गननेही मारता यायचं. थिनर उडून गेला की थर वाळला. पुढची काही वर्षं दोन्ही कंपन्यांनी मिळून तो गाडीच्या पत्र्यावर टिकेल असा केला. १९२४ सालची निळी ओकलंड या ड्युकोत बाजारात आली आणि रंगीत गाडी सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली.

पण केटरिंग यांचं सगळंच काही जमलं नाही. त्यांचं हवेने थंड होणारं तांब्याच्या पात्यांचं इंजिन १९२३ मध्ये सपशेल फसलं, विकलेल्या शेवरलेट परत मागवाव्या लागल्या आणि त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली.

त्याहून मोठा डाग शिशाचा. इंजिनची ठोकठोक थांबवण्यासाठी त्यांच्याच विभागात १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचा उपाय सापडला. १९२४ साली न्यू जर्सीच्या प्लांटमध्ये शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही ते पेट्रोल जगभर विकलं गेलं. शेवटच्या देशात ते बंद व्हायला २०२१ साल उजाडलं.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग गेले. न्यूयॉर्कच्या कॅन्सर संशोधन संस्थेला आजही त्यांचं नाव आहे.

आता पुन्हा पेंटरच्या प्रश्नाकडे. गाडी १९२० ते ५० च्या दशकातली असेल आणि तीच मऊ चमक हवी असेल, तर ड्युको शोभतो. ओरखडा गेला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पण थर जास्त द्यावे लागतात, घासकाम वाढतं आणि ऊन-पेट्रोल त्याला सोसत नाही. रोज रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीला हार्डनरवाला पीयू बरा. मात्र त्याचा फवारा फुप्फुसांना घातक असतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो.

आणि जुन्या रंगावर थेट पीयू मारू नका. कोपऱ्यात थिनरचं फडकं फिरवून बघा. रंग फडक्यावर उतरला, तर खाली लॅकर आहे आणि वरचा थर फुगण्याची भीती आहे. तो काढायचा तर पाणी लावून घासा आणि मास्क घाला. त्या काळच्या रंगातही शिसं असू शकतं.