लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे शेतीची लोखंडी अवजारे तयार करणारे आद्य मराठी कारखानदार व किर्लोस्करवाडीचे संस्थापक होत. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक असताना डावलले गेल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामचंद्र यांच्यासह सायकलींच्या दुकानाबरोबर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे प्रारंभी नांगराला गिऱ्हाईक मिळेना.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. औंध सातारा जिल्ह्यात असले, तरी संस्थानाचा हा तुटक मुलूख आज सांगली जिल्ह्यात मोडतो. निवडुंग तोडून १९१० मध्ये तेथे कारखाना उभा राहिला.

ओतशाळा आणि कोक

जमीन मिळाली, तरी इंधन मिळण्यासारखे नव्हते. बीड वितळविणाऱ्या क्युपोला भट्टीत लोखंड, चुनखडी व कोक थरांनी रचतात. हा भार पेलून भट्टीत हवा खेळती ठेवील असा टणक, सच्छिद्र कोक हवा. तो कोणत्याही दगडी कोळशापासून होत नाही. हवाबंद तापविल्यावर सुमारे ३५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन फुगणारा व पुन्हा घट्ट होणारा कोळसाच त्यासाठी चालतो. इतर जाती वायू सोडून भुगा होतात. राख जास्त असल्यास कोक ठिसूळ होतो व मळीही वाढते. गंधक थेट बिडात उतरते. सातारा-सांगलीच्या काळ्या पाषाणात कोळसाच नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा मऊ होऊन सांधत नाही. कोकायोग्य कोळशाचे देशातील प्रमुख क्षेत्र म्हणजे दूरचे झरिया. लोणारी कोळशात गंधक अल्प, पण भाराखाली तो चुरतो. त्यामुळे कुंडलच्या माळावर रेल्वे ही सोय नसून कारखान्याचा प्राणच होती.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा दोन्ही दुर्मीळ झाले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडले. ही हकिगत सर्वश्रुत आहे. मात्र तोफा वितळविण्यासही इंधन लागतेच, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक व पंप आले. किर्लोस्करवाडीच्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही आणि शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदारीचे काम दिले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.