डिक टर्पिन: कोंबड्यामुळे सापडला, घोड्यांमुळे फासावर गेला

काळ्या घोडीवरून एका दमात लंडनहून यॉर्क गाठणारा रुबाबदार दरोडेखोर, अशी डिक टर्पिनची इंग्लंडमध्ये ओळख आहे. पण ही दौड त्याने कधी केलीच नव्हती. विल्यम हॅरिसन एन्सवर्थ यांच्या १८३४ सालच्या ‘रूकवूड’ या कादंबरीने ती घराघरात पोहोचवली. खऱ्या टर्पिनचा शेवट झाला तो जनावरांच्या चोरीमुळे.

टर्पिनचा जन्म १७०५ साली एसेक्समधल्या हेम्पस्टेड गावचा. तो धंद्याने खाटीक होता. एपिंगच्या जंगलात हरणं चोरून मारणाऱ्या टोळीशी त्याचा संबंध आला. पुढे ही टोळी घरं फोडू लागली. साथीदार पकडले गेल्यावर टर्पिन वाटमारीकडे वळला. मे १७३७ मध्ये त्याने जंगलाच्या रखवालदाराच्या नोकराला गोळी घालून ठार केलं. सरकारने त्याच्यावर २०० पौंडांचं बक्षीस लावलं आणि टर्पिन गायब झाला.

यॉर्कशायरमधल्या ब्रफ गावात त्याच सुमारास जॉन पामर नावाचा घोड्यांचा व्यापारी राहायला आला. तो हंबर नदी ओलांडून लिंकनशायरमध्ये जायचा आणि येताना घोडे घेऊन यायचा.

मग पोलीस काय करत होते? तेव्हा इंग्लंडमध्ये आजच्यासारखं पोलीस दलच नव्हतं. लंडनला ते १८२९ साली मिळालं. गावात एक कॉन्स्टेबल असायचा, तोही बहुधा बिनपगारी आणि वर्षभरापुरता नेमलेला गावकरीच. त्याच्यावर ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे स्थानिक जमीनदारांमधून नेमलेले मानद मॅजिस्ट्रेट. जनावर चोरीला गेलं तर शोधायचं आणि खटला भरायचा, हे बहुतेक वेळा मालकालाच करावं लागे.

२ ऑक्टोबर १७३८ रोजी पामरने भर रस्त्यात एक झुंजीचा कोंबडा गोळी घालून मारला. हटकणाऱ्या शेजाऱ्यालाही गोळी घालायची धमकी दिली. मॅजिस्ट्रेटनी चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. त्याने तो दिला नाही, म्हणून त्याची रवानगी बेव्हर्लीच्या तुरुंगात झाली.

या माणसाकडे पैसा येतो कुठून, असा संशय मॅजिस्ट्रेटना आला. त्यांनी लिंकनशायरला पत्र पाठवलं. उत्तर आलं की, पामरवर मेंढ्या चोरल्याचा संशय आहे आणि तो तिथल्या कॉन्स्टेबलच्या हातून निसटला होता. घोडे चोरीला गेल्याच्याही तक्रारी होत्या. पामरला यॉर्कच्या किल्ल्यातल्या तुरुंगात हलवण्यात आलं.

तिथून त्याने हेम्पस्टेडला आपल्या मेहुण्याला पत्र लिहिलं. तेव्हा टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. मेहुण्याने तो दिला नाही आणि पत्र टपाल कचेरीत पडून राहिलं. ते जेम्स स्मिथ यांच्या नजरेस पडलं. टर्पिनला लिहायला शिकवणारे हेच ते शिक्षक. त्यांनी अक्षर ओळखलं, यॉर्कला जाऊन माणूसही ओळखला आणि २०० पौंड मिळवले.

२२ मार्च १७३९ रोजी खटला चालला, तो खुनाचा नव्हे. आरोप होता थॉमस क्रीसी यांची घोडी, शिंगरू आणि एक घोडा चोरल्याचा. घोड्याच्या चोरीला तेव्हा फाशीच होती. टर्पिनच्या बाजूने वकील नव्हता, साक्षीदारही नव्हते.

७ एप्रिल १७३९ रोजी यॉर्कच्या नेव्हस्मायर मैदानावर त्याला फाशी दिली गेली. त्यासाठी त्याने नवा कोट घेतला होता आणि शोक करायला पाच माणसं पैसे देऊन ठेवली होती.