खेळण्यांचा कारागीर : फ्रँक हॉर्नबी

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल हे मोठे बंदर वसलेले आहे. याच शहरापासून मँचेस्टरपर्यंत इ. स. १८३० मध्ये आगगाडी धावू लागली आणि आगगाडीच्या इतिहासात लिव्हरपूलचे नाव कायमचे कोरले गेले. अशा या शहरात १५ मे १८६३ रोजी फ्रँक हॉर्नबीचा जन्म झाला.

फ्रँकचे वडील धान्य व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. शाळेत फ्रँकचे मन फारसे रमत नसे. मात्र मोठमोठ्या संशोधकांची चरित्रे तो आवडीने वाची. अनेकदा अपयश येऊनही धीर न सोडणाऱ्या त्या माणसांच्या कथांनी तो भारावून गेला. आपणही काही नवे यंत्र करावे, असे त्याला वाटू लागले. एकदा गती दिली की अखंड चालत राहील असे यंत्र करण्याचा त्याने ध्यास घेतला. असे यंत्र निसर्गनियमानुसार शक्यच नसते. त्यामुळे त्याचे सारे प्रयत्न फसले. पण त्या फसलेल्या प्रयत्नांतून त्याला अवजारे हाताळण्याची गोडी लागली, आणि ती जन्मभर टिकली.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून फ्रँक वडिलांच्या पेढीवर रोखपालाचे काम करू लागला. इ. स. १८९९ मध्ये वडील वारले व पेढी बंद झाली. तेव्हा हॉर्नबीचे वय छत्तीस वर्षांचे होते. संसाराचा भार अंगावर होता. मांसाची आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्याने हिशेबनिसाची नोकरी धरली. दिवसभर आकड्यांशी झगडावे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या मुलांसाठी पत्र्याची खेळणी करावीत, असा त्याचा क्रम सुरू झाला.

पूल, गाड्या, ओझी उचलणाऱ्या याऱ्या अशी खेळणी तो बनवी. परंतु प्रत्येक खेळण्यासाठी निराळे तुकडे कापावे लागत. यात वेळ फार जाई. एकदा आगगाडीने प्रवास करीत असता मालधक्क्यावरील एक यारी त्याच्या दृष्टीस पडली. तशी यारी पत्र्याची कशी करता येईल, याचा विचार करता करता त्याला एक साधी युक्ती सुचली. सगळे तुकडे एकसारखे केले तर? अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या घ्याव्यात, त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडावीत आणि नट-बोल्टांनी त्या जोडाव्यात. म्हणजे आज जिची यारी केली, तीच पट्टी उद्या पुलाला लावता येईल!

ही कल्पना इतकी सोपी होती, की ती आधी कोणाला कशी सुचली नाही, याचेच नवल वाटावे. पण कल्पना सुचणे निराळे आणि ती बाजारात उभी करणे निराळे. पेटंट घेण्यासाठी हॉर्नबीपाशी पुरेसे पैसे नव्हते. त्याने आपले मालक एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घेतले आणि इ. स. १९०१ मध्ये पेटंट मिळवले. पुढे एलियट त्याचे भागीदारही झाले. इ. स. १९०२ मध्ये खेळण्याचे पहिले संच साडेसात शिलिंगांना विक्रीस आले. सुटे भाग बाहेरच्या कारखानदारांकडून करून घ्यावे लागत आणि ते फारसे सुबक नसत. पहिली काही वर्षे नफा म्हणून झालाच नाही. दिवसा नोकरी व रात्री हा खटाटोप, असा दुहेरी भार हॉर्नबीने वाहिला.

इ. स. १९०७ मध्ये मात्र निर्णयाची घडी आली. मागणी वाढली, पण बाहेरून मिळणारे भाग पुरेनासे झाले. नोकरीची खात्रीची मिळकत सोडावी की स्वप्न सोडावे? हॉर्नबीने नोकरी सोडली, कर्ज काढले आणि एक लहानशी जागा भाड्याने घेऊन स्वतःच भाग बनवण्यास आरंभ केला. खेळण्याला त्याने ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव दिले. पुढच्याच वर्षी कंपनी स्थापन झाली. एलियट मात्र तीत सामील झाले नाहीत. इ. स. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला.

त्या काळी खेळातल्या आगगाड्या मुख्यतः जर्मनीतून येत. पहिल्या महायुद्धामुळे ती आवक थांबली. युद्ध संपल्यावर, इ. स. १९२० मध्ये, हॉर्नबीने आपली आगगाडी बाजारात आणली. किल्ली दिली की पोटातल्या कमानीच्या जोरावर ती धावे. तिच्या दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर होते. खऱ्या रुळांमध्ये ते १,४३५ मिलिमीटर असते. म्हणजे ही गाडी खऱ्या गाडीच्या सुमारे पंचेचाळिसाव्या हिश्शाची होती. पहिली इंजिने व वाघिणी नट-बोल्टांनी जोडलेल्या असत. त्यामुळे मुलांना त्या सोडवून पुन्हा जुळवता येत आणि एखादा भाग मोडलाच तर तेवढाच बदलता येई.

परंतु नुसत्या इंजिनाने रेल्वे होत नाही, हे हॉर्नबी जाणून होता. खऱ्या रेल्वेवर जे जे दिसते, ते ते त्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागले. सरकत्या दारांच्या दुधाच्या वाघिणी व त्यांतील इवल्याशा बरण्या, तेलाच्या टाक्या, बिस्किटांच्या कंपन्यांची नावे रंगवलेले डबे तयार झाले. मग स्थानके, बोगदे, सिग्नल, फाटके आली. इ. स. १९३१ पासून स्टेशनमास्तर, गार्ड, हमाल यांच्या छोट्या मूर्ती आणि रुळांकाठच्या शेतात उभ्या करण्यासाठी गाई, घोडे व मेंढ्याही मिळू लागल्या. घराच्या जमिनीवर मुले सारा मुलूख वसवू लागली. कोणती वाघीण कोठे जोडावी, सांधे केव्हा बदलावेत, सिग्नल कधी पाडावा, याचा विचार करता करता खेळातून त्यांना व्यवस्था उमगत गेली. इ. स. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडीही आली.

इ. स. १९३१ मध्ये लोकांनी हॉर्नबीला पार्लमेंटवर निवडून दिले. पण प्रकृती ढासळत गेली आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचे निधन झाले. दोन वर्षांनी, ज्या मुलांसाठी त्याने पहिली खेळणी केली होती त्यांपैकी रोलंड कारभार पाहत असताना, कंपनीने आणखी लहान, १६.५ मिलिमीटर रुळांची आगगाडी काढली. ती लहान घरांतल्या टेबलावरही मावू शकत असे. बिन्स रोडचा तो कारखाना इ. स. १९७९ मध्ये बंद पडला. तरी हॉर्नबीचे नाव खेळातल्या आगगाड्यांवर आजही झळकते.

त्याच्या गाड्यांच्या ताफ्यात एक वाघीण अशी होती, की तिच्यावर एक लहानशी यारी बसवलेली असे. दांडा फिरवला की तिची दोरी वर-खाली होई. मालधक्क्यावरच्या ज्या यारीने एका सामान्य हिशेबनिसाला विचार करायला लावले, तिचीच जणू ती धाकटी बहीण. खिडकीतून यारी तर पुष्कळांनी पाहिली असेल. घरी जाऊन पत्रा कापायला बसला तो फ्रँक हॉर्नबी.