नागावचे केरूनाना आणि वाऱ्याचा हिशेब

अलिबागजवळच्या नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या की समुद्रच लागतो. १६ मे १८२५ रोजी याच गावी विनायक लक्ष्मण छत्रे जन्मले. महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखतो : टिळकांचे गणिताचे गुरू, पंचांगशोधक, रावबहादूर. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. आकडा कितीही सुबक मांडलेला असो, तो प्रत्यक्षाशी पडताळल्यावाचून वापरायचा नाही, हा त्यांच्या आयुष्याचा धडा होता. कोकणच्या किनाऱ्याला आज त्याचीच गरज आहे.

नाना मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. तेथील प्राध्यापक आर्लिबार यांच्याकडे कुलाबा वेधशाळेचेही काम होते. १८४०च्या सुमारास, मिसरूडही नीट फुटले नसेल अशा वयात, नाना त्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. चुंबकत्वाचे आणि हवामानाचे वेध ठरल्या वेळी घ्यायचे आणि वहीत उतरवायचे, हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. ना त्यात कीर्ती, ना टाळ्या. पण नोंद चुकली तर पुढचे सारे गणित चुकते, हे तिथे अंगी मुरले.

१८५१ मध्ये ते पुण्यात शिक्षक झाले आणि त्यांची नजर पंचांगाकडे वळली. महाराष्ट्रातली पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. दैवज्ञही कोकणचेच, मुरुडजवळच्या नांदगावचे. ग्रंथ १५२०चा आणि आपल्या काळी उत्तम. पण वर्षाकाठी क्षुल्लक वाटणारी चूक तीन शतकांत साचली होती. गणिताने आलेला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची गाठ पडेना. नानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले, तेच पटवर्धनी पंचांग. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवतीच्या एका ताऱ्यापासून धरला, त्यामुळे संक्रांत रूढ पंचांगापेक्षा सुमारे चार दिवस आधी येऊ लागली. सणवार हलवणे म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालणे! बहुसंख्य लोकांनी ते पंचांग स्वीकारले नाही. नाना आपल्या मतावरून हटले नाहीत. १९ मार्च १८८४ रोजी ते गेले. पुढे टिळकांनी तोच रेवतीपक्ष उचलून धरला.

आता वाऱ्याकडे वळू. पुढील पन्नास-शंभर वर्षांत किनाऱ्यावर केवढ्या लाटा येतील, वादळात पाणी किती चढेल, याचे गणित मांडताना वाऱ्याचे आकडे हवामानाच्या संगणकीय प्रारूपांतून घेतात. अशा अनेक प्रारूपांची एकेक चौकट शंभरेक किलोमीटरची असते. एवढ्यात समुद्र, कोकणपट्टी आणि सह्याद्री एकत्र कोंबले जातात. खारे वारे, मतलई वारे आणि चक्रीवादळाचा गाभा त्यात पुसट होतो. पाण्यावर पडणारा वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग वीस टक्क्यांनी कमी धरला, तर जोर छत्तीस टक्क्यांनी कमी भरतो. त्यावर बेतलेला बांध ठेंगणाच राहणार.

म्हणून आधी पडताळणी हवी. प्रारूपाने काढलेला मागील काळातला वारा समुद्रातील तरंगत्या यंत्रांशी, उपग्रहांशी, कुलाब्यासारख्या किनाऱ्यावरील वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहावा, दुरुस्त करावा आणि मगच पुढचा हिशेब मांडावा. नुसती सरासरी जुळून भागत नाही. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही : एकूण बेरीज जुळली तरी दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. वर्षभराची झुळूक बरोबर आणि वादळाचा एकच दिवस चूक, असे प्रारूप किनाऱ्याला बुडवील.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडातल्या पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. हे दुःख केवळ कोकणचे नाही. आमच्या वाळूजचा माल न्हावाशेव्याच्या धक्क्यावरून परदेशी जातो. तिथल्या भिंतीची उंची चुकली, तर त्याची झळ इथल्या कामगाराच्या पगारापर्यंत पोहोचेल.

नानांच्या पंचांगाच्या वेळी वाद संक्रांतीच्या तिळगुळाचा होता. गणित चुकले तरी कोणी बुडणार नव्हते. तरीही त्यांनी आकाशाची साक्ष काढल्याशिवाय आकडा छापला नाही. बांधाची उंची ठरवणाऱ्यांनी निदान तेवढी तरी सचोटी पाळावी.