शेऱ्यात न मावलेली नूर

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत सलग दोन पानं लिहायची म्हणजे माझ्यासाठी एम-थ्रीच्या पेपरपेक्षा अवघड काम! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. तरी यावर्षी लिहायचंच असं ठरवलं, त्याला कारण नूर.

गेल्या सेमिस्टरला इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत माझी विकेट पडली. मागाहून कानावर आलेला शेरा असा, की मुलगी फार मवाळ आहे, हिला प्रेशर झेपणार नाही. दोन दिवस मी मेसमध्येसुद्धा गेले नाही. रूमवर नुसती पडून होते, तेव्हा रूममेटने लायब्ररीतून आणलेलं एक चरित्र हाताला लागलं. नूर इनायत खान. एका रात्रीत वाचून काढलं.

नूर राजघराण्यातली, पण महाल, दागिने असलं काही डोळ्यासमोर आणू नका. तिचे पणजोबा मौलाबक्ष हे मोठे गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यात संगीतशाळा काढली. त्यांची बायको टिपू सुलतानच्या वंशातली, असं त्या घरात सांगत आले. नूरचे वडील इनायत खान बडोद्यातच जन्मले, गाणं शिकले, सूफी विचार घेऊन परदेशी गेले आणि त्यांनी एका अमेरिकन मुलीशी लग्न केलं. १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत नूरचा जन्म झाला. पुढे लंडन, मग पॅरिसजवळच्या सुरेन गावात घर. राजघराण्याचं म्हणून तिच्या वाट्याला आलं ते फक्त नाव.

१९२७ मध्ये वडील दिल्लीत वारले. नूर तेव्हा तेरा वर्षांची. आई दुःखाने कोलमडली आणि तीन धाकट्या भावंडांचं सगळं या लाजाळू मुलीच्या अंगावर आलं. तरी ती सोरबॉनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, हार्प वाजवायला शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ मध्ये लंडनला छापून आलं. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसला आल्या आणि हे कुटुंब इंग्लंडला पळालं. घरात अहिंसेची शिकवण. पण समोर नाझी असताना नुसतं बघत बसायचं का, हा प्रश्न नूरला आणि तिचा भाऊ विलायतला पडला. नोव्हेंबर १९४० मध्ये ती हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली. तिथे तिला वायरलेस ऑपरेटर केलं. म्हणजे आमच्याच ब्रँचची की हो! थंडीने तिची बोटं सुजायची, त्यामुळे मोर्सची की ती जोरजोरात ठोकायची.

फ्रेंच उत्तम येतं म्हणून १९४३ मध्ये तिला एस.ओ.ई. या गुप्त संघटनेत घेतलं. आणि इथे तिचे रिपोर्ट यायला लागले. बंदुकीला घाबरते. खोटं बोलता येत नाही. खोट्या चौकशीचा सराव घेतला, तर तिचा आवाजच बसला. शेवटच्या रिपोर्टात तर ती या कामाला लायक आहे का, यावरच प्रश्नचिन्ह होतं. पण ऑपरेटरची फार टंचाई होती. फ्रान्स विभागाच्या प्रमुखाने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि जून १९४३ मध्ये एका रात्री छोट्या विमानातून ती फ्रान्समध्ये उतरली. ब्रिटनमधून तिथे पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर.

पंधरवडाही झाला नाही, तोच तिच्या गटातली माणसं धडाधड पकडली जाऊ लागली. लंडनने परत ये म्हणून कळवलं. तिने नकार दिला, कारण ती गेली असती तर पॅरिसहून लंडनशी बोलणारं कुणी उरलंच नसतं.

आता जरा आपल्या भाषेत सांगते. ट्रान्समीटर चालू केला की शत्रूच्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून सिग्नलची दिशा घेतात. दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही! म्हणून पटकन संदेश पाठवायचा, सगळं गुंडाळायचं, जागा बदलायची. सुमारे पंधरा किलोचा सेट सुटकेसमध्ये घालून ही नाजूक मुलगी पॅरिसभर फिरत होती. ऑपरेटर साधारण सहा आठवडे टिकतो असा तेव्हाचा हिशोब. नूर जवळजवळ चार महिने टिकली. एक किस्सा सांगतात, की ती झाडावर एरियल टांगत होती तेव्हा शेजारच्या जर्मन सैनिकानेच कपड्यांची दोरी समजून तिला मदत केली. खोटं बोलता न येणारी मुलगी गप्प राहून निभावून गेली.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पैशासाठी तिला पकडून दिलं. आता एक गोष्ट मला लपवायची नाही. नूरने पाठवलेल्या संदेशांच्या नकला वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांना मिळाली. तिच्याच सेटवरून ते लंडनला संदेश पाठवू लागले. लंडनकडे धोक्याची सूचना आली होती, तरी तिकडच्यांनी काणाडोळा केला. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस मादलेन दामरमाँ ही एजंट दोन साथीदारांसह पॅराशूटने उतरली, ती थेट जर्मनांच्या हातात. म्हणजे रिपोर्ट अगदीच खोटा नव्हता. निष्काळजीपणा होताच, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. थोड्या वेळाने परत उघडलं.

कैदेत नूरने दोनदा पळायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर दोन कैद्यांबरोबर छपरावरून. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे म्हटल्यावर तिने सही केली नाही. मग जर्मनीत फोर्झाइमच्या तुरुंगात साखळदंड आणि एकांतवास, जवळजवळ दहा महिने. पण चौकशीत तिने आपल्या माणसांबद्दल काही सांगितलं नाही, हे पकडणाऱ्यांनीच युद्धानंतर कबूल केलं. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत चार मुलींना गोळ्या घातल्या. त्यात नूर होती, आणि मादलेनही. नूर तीस वर्षांची होती. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअरला २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

माझी काही नूरशी बरोबरी नाही. माझी इंटर्नशिप गेली, एवढंच. पण तिच्या परीक्षकांनी जे तपासलं ते बहुतेक बरोबर होतं. भित्री होती, धांदरट होती. सगळे पकडले गेल्यावर मागे कोण थांबेल, हे मात्र त्यांच्या फॉर्मवर कुठेच विचारलेलं नव्हतं. आणि फॉर्मवर होतं ते खोडायला मीही जाणार नाही. मवाळ तर मी आहेच.

पुढच्या वर्षी कॅम्पस सुरू होईल. नोटीस बोर्डावर नाव दिसेल, न दिसेल. मित्रमैत्रिणींनो, नाही दिसलं तर शेरा नीट वाचा, खरं असेल ते मान्य करा. आणि मेस तेवढी बुडवू नका!

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी, लेडीज हॉस्टेल