शब्द मोजले तर साहिर सापडतात का?

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की साहिर लुधियानवींचं नाव येतंच. त्यांची गाणी आपल्या घराघरांत पाठ आहेत. पण ती लिहिणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे गाण्यांतल्या शब्दांवरून कळतं का?

मानसशास्त्रात यासाठी एक पद्धत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी संगणकाच्या मदतीने लिखाणातले शब्द मोजायला सुरुवात केली. मोठ्या, वजनदार शब्दांपेक्षा 'मी', 'तू', 'आम्ही' असे बारीक शब्द माणसाबद्दल जास्त सांगतात, असं त्यांचं म्हणणं. २००१ मधल्या एका अभ्यासात त्यांना दिसलं की, ज्या कवींनी आपलं आयुष्य स्वतःच संपवलं त्यांच्या कवितांत 'मी' जास्त वेळा येतो.

आता हीच नजर घेऊन साहिरकडे पाहू.

८ मार्च १९२१ रोजी लुधियानात एका जमीनदाराच्या घरी अब्दुल हई जन्माला आला. आई सरदार बेगम यांनी पतीचं घर सोडलं. मुलगा कोणाकडे राहणार, यावरून कोर्टकचेरी झाली. मुलगा आईकडे राहिला. पण वडील त्याला हिसकावून नेतील, ही भीतीही सोबत राहिली. श्रीमंत बापाचा मुलगा तंगीत वाढला. असा माणूस आयुष्यभर 'मी आणि माझं दुःख' एवढंच लिहित बसला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण झालं वेगळंच. ऐन विशीत त्यांचा 'तल्खियां' हा संग्रह आला आणि नाव झालं. त्यांची ताजमहालावरची नज्म पाहा. सुरुवातीला एक प्रियकर आपल्या प्रेयसीशी बोलतो, मला दुसरीकडे कुठेतरी भेट म्हणतो. शेवटाकडे येईपर्यंत तोच आवाज साऱ्या गरिबांचा होतो. 'मी'चा 'आम्ही' कधी झाला, कळतही नाही.

१९४९ मध्ये लाहोर सोडून ते भारतात आले आणि मग मुंबईचेच झाले. १९५१ च्या 'बाजी'ने त्यांना सिनेमात पक्की जागा दिली. पुढे 'प्यासा' (१९५७) मध्ये त्यांनी कोठ्यांवरच्या बायकांची अवस्था दाखवून देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना जाब विचारला. 'साधना'मध्ये (१९५८) बाईच्या बाजूने पुरुषांच्या जगाला आरसा दाखवला. 'फिर सुबह होगी'त (१९५८) पहाटेचं एक गाणं आहे. त्याच्या एका रूपात पहाटेची वाट पाहणं आहे, तर दुसऱ्या रूपात ती पहाट आपणच आणणार असा निर्धार. तिथेही 'आम्ही' आहेच.

मग शब्द मोजून साहिर पूर्ण सापडले का? नाही. एक मोठी अडचण आहे. सिनेमातलं गाणं पात्राच्या तोंडचं असतं. 'हम दोनों'मधला बेफिकीर 'मी' साहिरचा की देव आनंदच्या पात्राचा, हे यंत्र कसं ओळखणार? शिवाय 'कभी कभी'मध्ये (१९७६) एका गाण्यात कवी स्वतःला घडीभराचा पाहुणा म्हणतो. तिथे 'मी' पुन्हा पुन्हा येतो. पण तो अहंकाराचा नाही, स्वतःला लहान करणारा आहे. नुसती मोजणी केली तर हा फरक हातून निसटतो.

आयुष्य माहीत असेल तर तेच शब्द वेगळे ऐकू येतात. 'त्रिशूल'मध्ये (१९७८) एकटी आई आपल्या लेकराला गाण्यातून जगाशी झुंजायला शिकवते. ऐकताना सरदार बेगम आठवल्याशिवाय राहत नाहीत. साहिर यांनी लग्न केलं नाही. आई मुंबईतही शेवटपर्यंत त्यांच्यासोबतच होती. १९७६ मध्ये ती गेली, तेव्हा ते आतून खचले.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर १९८० रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. जुहूच्या कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला. पुढे २०१० मध्ये, नव्या दफनांसाठी जागा हवी म्हणून तिथली त्यांची कबरही हटवली गेली.

कबर राहिली नाही, पण गाणी आहेत. पुढच्या वेळी मुलांसोबत साहिरचं गाणं ऐकाल, तेव्हा चालीबरोबर एवढंही पाहा: यात बोलतंय कोण, आणि कुणाच्या वतीने?