खेकड्यांच्या मेरीबाई

मैत्रिणींनो, बाजारात चिंबोऱ्या घेताना आपण काय करतो? उलटी करून पोटाखालची झडप बघतो. अरुंद, टोकदार असली तर नर आणि रुंद, गोलसर असली तर मादी. मग हातात जोखून बघायचं, भरलेली आहे की पोकळ! किनाऱ्यावरच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पण या खेकड्यांच्याच अभ्यासात एका बाईने सगळं आयुष्य घातलं आणि शास्त्रज्ञांच्या जगात मोठं नाव कमावलं. मेरी जेन रॅथबन त्यांचं नाव.

११ जून १८६० रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांतलं शेंडेफळ. मेरी वर्षाची असतानाच आई गेली, एका वयस्कर दाईने वाढवलं. शाळा झाली, कॉलेजची पायरी मात्र चढल्या नाहीत. समुद्र पाहिला तोसुद्धा एकविसाव्या वर्षी, १८८१ साली. थोरला भाऊ रिचर्ड वुड्स होल इथे सागरी जीवांवर काम करायचा, त्याच्याबरोबर त्या गेल्या. तिथे जाळ्यात आलेले जीव निवडायचे, चिठ्ठ्या लावायच्या, बरण्यांत भरायचे. निवडण्या-टिपण्याचं काम ते, बाईला कसं अवघड जाणार? पण पगार नाही. तीन वर्षं फुकट राबल्यावर १८८४ मध्ये मत्स्य आयोगाने त्यांना नोकरी दिली. १८८६ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आल्या. विभागप्रमुख म्हणून नाव भावाचं, पण तो आयोगाच्या कामात अडकलेला. विभागाचा गाडा मेरीबाईच ओढत होत्या.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर एक निळसर नांग्यांचा खेकडा मिळतो. तिकडच्या लोकांच्या ताटातला अगदी आवडीचा. चुकीच्या नावाने चाललेल्या या खेकड्याला १८९६ मध्ये मेरीबाईंनी स्वतंत्र नाव दिलं, कॅलिनेक्टिस सॅपिडस. पहिला शब्द जुनाच, अर्थ सुंदर पोहणारा. त्यापुढे यांनी जोडलं, चवदार! शास्त्राच्या रुक्ष यादीत स्वयंपाकघर असं हळूच शिरलं.

या खेकड्याचा संसार ऐकण्यासारखा आहे. अंग वाढतं पण कवच वाढत नाही, म्हणून जुनं टाकून नवं घ्यावं लागतं. नवं कवच टणक होईपर्यंत जीव धोक्यात. मादी वयात येताना शेवटचं कवच टाकते तेव्हाच तिचं मीलन होतं, तेही आयुष्यात एकदाच. नर तिला आधीपासून आपल्या पायांच्या कुशीत धरून फिरतो, नंतरही ती सावरेपर्यंत सोडत नाही. मग मात्र ती एकटीच खाडीच्या मुखाकडे, जास्त खाऱ्या पाण्याकडे निघते, कारण पिल्लांना तेच पाणी मानवतं. पोटाखालच्या त्या रुंद झडपेत लाखो अंडी सांभाळते. आपण बाजारात बघतो ती झडप अशी कामाची असते.

मेरीबाईंनी समुद्रातलेच नव्हे, तर जगभरच्या नद्यांतले खेकडेही अभ्यासले. हजाराहून जास्त नव्या जाती-उपजातींची त्यांनी नोंद केली. दीडशेहून अधिक लेख-ग्रंथ लिहिले.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. काम वाढलं, मदतनीस हवा होता, पण संग्रहालयाकडे त्याच्या पगाराला पैसे नव्हते. १९१४ च्या अखेरीस मेरीबाईंनी राजीनामा दिला आणि आपल्या पगारात वॉल्डो श्मिट या तरुणाला नेमायला लावलं. स्वतः मात्र पुढची अनेक वर्षं बिनपगारी कामाला येत राहिल्या! लोक याला त्याग म्हणतात. खरं सांगू, मला राग येतो. जिच्या खांद्यावर विभाग उभा, तिलाच पगार सोडावा लागावा? बाईचं काम फुकटच असतं, असं आपल्याकडेही किती सहज धरलं जातं! पण त्या कुढत बसल्या नाहीत हेही खरंच. खेकड्यांवरचे त्यांचे चार जाडजूड ग्रंथ १९१८ ते १९३७ या काळातले, म्हणजे पगार सोडल्यानंतरचे. कॉलेज न शिकलेल्या या बाईंना १९१७ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, डॉक्टरेटही मिळाली.

४ एप्रिल १९४३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्या गेल्या. जाताना आपली पुस्तकं आणि दहा हजार डॉलर खेकड्यांच्या अभ्यासासाठी संग्रहालयालाच ठेवून गेल्या. शास्त्राच्या पुस्तकात त्या निळ्या खेकड्याचं पूर्ण नाव लिहायचं झालं, तर आजही शेवटी लिहितात, रॅथबन, १८९६.